न ऐकू आलेली घंटा

एकदा एका टेकडीवरच्या गुरुकुलात उन्हाळी वर्ग भरले. गावोगावची पंधरा-सोळा वर्षांची मुले आली होती. गणित, खगोल, नाट्य, पक्षिविद्या असे कितीतरी विषय, आणि महिनाभरासाठी निवडायचा एकच! मुले नुसती भिरभिरत होती.

एक शिष्य मात्र ठरवूनच आला होता.

"गुरुजी, मला गणित. दादाचा विषय. त्याचा अर्धा राहिला, तो मी पुरा करणार."

इथेच शिकणारा त्याचा थोरला भाऊ गेल्या पावसाळ्यात तापाने गेला होता.

वृद्ध गुरुजींनी विचारले, "तुला आवडतं गणित?"

"आवडायचा प्रश्नच नाही."

"बरं. आधी सगळे वर्ग हिंडून ये."

"आता कशाला? आणि जेवणाची घंटा कधी होते? पहाटेपासून पोटात काही नाही."

"होईल. कान उघडे ठेव," गुरुजी हसले.

शिष्य तडक गणिताच्या वर्गात जाऊन मुठी आवळून बसला. फळ्यावर त्रिकोण उमटत होते, याचे कान मात्र घंटेकडे. शेवटी न राहवून तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने निघाला.

वाटेत बाभळीखाली पक्षिविद्येचा वर्ग चालला होता. एक मुलगी सुगरणीचे सोडून दिलेले घरटे धागाधागाने उलगडत होती. हा वाकला आणि बघता बघता तिचा चिमटा याच्या हातात आला.

"ही गाठ? चोचीने मारली?"

"नाही तर काय, मीच मारली रात्री बसून! चिमटा धर नीट. भाकरी नाही ती."

"आणि आत हा चिखल कशाला?"

"तेच तर कुणाला कळत नाहीये!"

"थांब, थांब! वाऱ्यात झुलू नये म्हणून वजन असेल. दुसरं घरटं आण ना! त्यातही आहे का बघू!"

एवढ्यात गुरुजींनी वेळेआधीच जेवणाची घंटा वाजवली. सगळे वर्ग ओस पडले, बाभळीखाली ही दोघेच उरली. गुरुजी हातातली घंटा वाजवत वाजवत थेट शिष्याच्या पाठीशी येऊन उभे राहिले आणि त्याच्या कानापाशी तिचा ठणठणाट केला.

"अहो, बंद करा ना ते! गाठ सुटतेय!" मान न वळवता तो ओरडला.

मुलगी खो-खो हसली. शिष्याने वळून पाहिले आणि चिमटा टाकून दिला, जणू चोरी पकडली गेली.

"गुरुजी, चुकलो. मी गणितच घेणार. नाहीतर दादाचं माझ्याजवळ काय उरेल?"

गुरुजी त्याच्याशेजारी मातीत बसले.

"बाळा, तुझ्या दादालाही घंटा ऐकू येत नसे. त्रिकोणात बुडालेला असे. त्याचं ताट मीच वर्गात नेऊन ठेवत असे. आज तुला पारखायला घंटा वाजवली, आणि वाटलं, तोच बसलाय. विषय त्याचा होता, तो त्याच्यापाशीच राहू दे. हे भान हरपणं मात्र तुम्हा दोघांचं आहे. तू गणितात बसलास तर ते कोमेजेल."

शिष्याचे डोळे भरून आले. मग त्याने बाहीने नाक पुसले आणि चिमटा उचलला.

"अगं, दुसरं घरटं आणतेस ना?"

थोड्या वेळाने गुरुजींनी भरलेली पत्रावळ त्याच्याशेजारी ठेवली, वर दुसरी पालथी घातली, आणि पूर्वीसारखेच पाऊल न वाजवता ते निघून गेले.