दामूशेठच्या अंगणातला कॉक

कट्! भिंतीपलीकडून आलेला तो आवाज मला अजून आठवतो. मिरजेच्या आमच्या चाळीत शेजारच्या गोदूमावशींनी नळाचा गळका कॉक बदलायला म्हणून जरासा फिरवला, तर तो पाइपाच्या तुकड्यासकट हातात आला. जुना प्लास्टिकचा पाइप तो, वाळून पापडासारखा झालेला.

मालक दामूशेठ कुलूप घेऊनच आले. भाडेकरूंवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

“गोदाबाई, मुद्दाम तोडलात तुम्ही. चाळभर नवे पाइप टाकायला लावायचा बेत दिसतोय. माझा पाइप दणकट आहे. खोली रिकामी करा!”

मावशी एकट्या, जाणार कुठे? पण त्या शांतपणे म्हणाल्या, “शेठ, तुमच्या अंगणातला पाइप याच्याच जोडीचा, एकाच वेळी टाकलेला. तिथला कॉक फिरवून दाखवा. नाही तुटला, तर मी आत्ता निघते.”

सगळी चाळ अंगणात जमली. शेठनी आमच्याकडे संशयाने पाहिलं, बाह्या वर सारल्या आणि झोपलेल्या बाळाच्या गालाला लावावा तसा कॉकला हात लावला. पाइप करकरला. हात तिथेच थांबला.

“मीपण इतक्याच हळू फिरवला होता, शेठ,” मावशी म्हणाल्या.

शेठनी कुलूप खिशात टाकलं आणि ते घरात निघून गेले.