अंजिराचं पहिलं झाड

फाल्गुन शुद्ध नवमी. सकाळी धुकं, दुपारी कोरडा वारा.

"म्हणजे हेच ते पहिलं झाड ना?"

हैबतराव कामथ्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. घाटातल्या तकियात फकीर दर्याशा बाबा चूल फुंकत होते. दारात अंजीर उभं होतं, जुनं, खोडाला पोट सुटलेलं.

"तुला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात! फाल्गुनातच फळ पिकून मान टाकतंय. पावसाळी बहार पिकतच नाही, तुम्हीच म्हणालात. माझ्या मळ्यातली जात ती हीच. शिवाय कोयतीनं साल तासून चीक पाहिलाय मी."

बाबांची फुंकर थांबली.

"कधी?"

"आत्ताच. तुम्ही पाण्याला गेला होता तेव्हा."

खोडावरच्या ओल्या जखमेतून चीक ओघळत होता.

"एवढ्या लांब कशापायी आलास, बेटा?"

हैबतरावांचा आवाज उतरला. "बाग वाळली, बाबा. बुंधा काळा पडतो आन् उभं झाड जातं. निरोगी कलम मिळालं तरच मळा पुन्हा उभा राहील. म्हणून दोन वर्षं माग काढतोय. माझी कलमं बोरखळची, बोरखळची तळेखोरची निघाली, तळेखोरची दिवटेवाडीची, दिवटेवाडीची तुमच्याकडची. प्रत्येक ठिकाणी चीक बघून खात्री केली. असा माग काढून दाखवावा कुणी!"

"त्या बागा कशा आहेत?"

"मी गेलो तेव्हा हिरव्यागार होत्या. मग बोरखळची गेली. मग तळेखोरची. काल दिवटेवाडीचा माणूस भेटला, त्यांच्याकडंही लागलंय म्हणे. रोग नुसता पाठीवर आहे माझ्या. बरं झालं, इथं मी आधी पोचलो."

बाबांनी हात पुढं केला.

"कोयती दे."

पात्यावर चिकाची काळी पुटं चढली होती, एकावर एक. बाबांनी पातं निखाऱ्यात खुपसलं. पुटं चरचरली.

हैबतरावांनी पात्यावरून नजर खोडावरच्या ओल्या जखमेकडं नेली.

…

"बाबा… मीच?"

"त्या गावांत जेवलास कुणाकडं?"

"बागवाल्यांकडंच. बोरखळच्या म्हातारीनं तर पुरण घातलं होतं."

"जा. जिथं जिथं जेवलास, तिथं तिथं सांगून ये. मग मूळ विचार."

"मारतील मला."

"मारतील."

…

दिवटेवाडीत त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. तळेखोरला डोकं फुटलं. बोरखळच्या म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि ताट वाढलं. ते त्यांच्यानं खाववलं नाही.

पुढच्या फाल्गुनात ते तकियात आले. बाबा दारात उन्हात बसले होते. दारावर आता सावली नव्हती.

"सांगून आलो, बाबा. आता तरी सांगा. या जातीचं मूळ कुठलं?"

बाबांनी काठीनं समोरचा खड्डा दाखवला.

"इथं होतं."