भिंतीपर्यंत तीस पावलं

"मग वीसपैकी वीस का दिलेत मला?"

हुडगे सर शाळेच्या मैदानावर वाकून फक्कीची पांढरी रेघ ओढत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तुम्हाला विचारतोय, सर. नववीला गतीच्या धड्यावर चाचणी घेतली होतीत. अख्ख्या वर्गात मला एकट्याला वीसपैकी वीस. का दिलेत?"

"उत्तरं बरोबर होती."

"नुसती उत्तरं?"

"पेपरात तेवढंच तपासता येतं."

रविवारची सकाळ होती. शाळा बंद होती. सरांना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण तालुक्याच्या क्रीडास्पर्धा आल्या की कबड्डीचं मैदान आखायला ते अजून येत. इतरांची रेघ वाकडी जाते, असं त्यांचं म्हणणं.

समोर उभा होता तो निशिकांत मुळजे. वय तेवीस. तालुक्याच्या गावी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. चौकात त्याचा हाताची घडी घातलेला फोटो लागला होता. दीडशे मुलांकडून तो चाळीस सूत्रं टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणून घ्यायचा. मुलं त्याला 'सूत्र सर' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

चार महिन्यांपूर्वी त्याची मोटरसायकल पाण्याच्या टँकरवर मागून आदळली. त्याचा हात मोडला, तो जुळला. मागे धाकटी बहीण बसली होती, शिवकन्या, अकरावीला. तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

हे सगळं सरांना ठाऊक होतं. शिवकन्याही त्यांचीच विद्यार्थिनी. ते दवाखान्यात दोनदा जाऊन आले होते. निशिकांत दोन्ही वेळा बाहेर निघून गेला होता.

"तुम्ही शिकवलंत," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस. छडी आपटून पाठ करून घेतलंत. यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही म्हणजे शेवटचा, ए म्हणजे त्वरण, एस म्हणजे अंतर. एकदा तरी म्हणालात का, की ह्या एसमध्ये माणसाचा पाय येऊ शकतो?"

सरांचा हात थांबला.

"नाही म्हणालो."

"का नाही?"

"चुकलं माझं."

निशिकांतला ह्याची अपेक्षा नव्हती. तो आणखीच भडकला.

"एवढंच? चुकलं माझं, संपलं?"

"माझं तेवढंच आहे." सर ताठ झाले. फक्कीचा डबा त्यांनी जमिनीवर असा आदळला, की पांढरा धुरळा दोघांच्या गुडघ्यांपर्यंत उडाला. "एकतीस वर्षं मी घर्षणरहित पृष्ठभागावर गाड्या पळवल्या. पोरांना रस्त्यावर नेलं नाही. त्याचा राग मला तुझ्याआधीपासून आहे. आता तुझं सांग."

"माझं काय?"

"ब्रेक दाबलास तेव्हा टँकर किती पावलांवर होता?"

"...तीस."

"नक्की?"

"पोलिसांनी टायर घासल्याची खूण मोजली ना. तीस पावलं भरली. पंचनाम्याला मी होतो."

सर मैदानाच्या कडेला गेले. शाळेच्या आवाराच्या भिंतीला त्यांनी पाठ लावली आणि लांब ढांगा टाकत परत आले. मोठ्याने मोजत. तिसाव्या पावलाला त्यांनी टाचेने रेघ मारली आणि तिच्यावर फक्की ओतली.

"इथं उभा राहा. भिंत म्हणजे टँकर."

"सर, मी तमाशा करायला आलेलो नाही."

"मीही नाही. उभा राहा!"

वर्गात हा आवाज आला की खडूसुद्धा वाजत नसे. निशिकांत रेघेवर जाऊन उभा राहिला.

"तुझी गाडी चाळीसच्या वेगात असली, तर ब्रेक दाबल्यावर किती पावलांत थांबते?"

"दहा."

"कशावरून?"

"रोज थांबवत होतो. क्लासच्या फाटकाबाहेर खांब आहे, तिथे दाबायचो. फाटकाशी थांबायची. दहा पावलं."

"त्या दिवशी वेग किती होता?"

त्याने बुटाने रेघेवरची फक्की चोळली.

"मुळजे, वेग."

"पोलिसांना मी साठ सांगितला."

"मी पोलीस नाही."

"...ऐंशी."

"ऐंशीची गाडी किती पावलांत थांबेल?"

हे त्याला विचार न करता येत होतं. "चाळीस. वेग दुप्पट, अंतर चौपट. टाळ्या वाजवून घेतो मी हे पोरांकडून."

"चाल."

"कुठे?"

"टँकरकडे."

निशिकांत चालू लागला. सर मागून मोजत होते. एक... दोन... तीन. त्यांची घाई नव्हती. अकराव्या पावलाला निशिकांतने मान वळवून रागाने पाहिलं. सर मोजतच राहिले. तिसाव्या पावलाला त्याचा बूट भिंतीला लागला.

"थांब. आत्ता, इथं, गाडीचा वेग किती उरलाय?"

"फारसा नाही."

"फारसा म्हणजे?"

"चाळीसपैकी तीस पावलं झाली. तीन चतुर्थांश रस्ता संपला. म्हणजे तीन चतुर्थांश वेग गेला. उरला वीस." त्याने कपाळावरचा घाम पुसला. "तेच तर सांगतोय सगळ्यांना. गाडी जवळजवळ थांबली होती. नुसता धक्का लागला असता. त्या टँकरला मागे लोखंडी पाइप बाहेर आलेला होता, म्हणून..."

"वीस?"

"वीस."

"दीडशे पोरांना शिकवतोस ना तू?"



सरांनी फक्कीचा डबा आणून त्याच्या पायाशी ठेवला.

"मांड."

"सर..."

"मांड म्हणतो ना!"

निशिकांत उकिडवा बसला. चिमटीत फक्की घेऊन तो जमिनीवर आकडे पाडू लागला. चाळीसचा वर्ग सोळाशे. तो दहा पावलांत संपतो. म्हणजे एका पावलाला एकशे साठ. ऐंशीचा वर्ग सहा हजार चारशे. तीस पावलांत गेले चार हजार आठशे.

त्याची बोटं थांबली.

"उरले किती?"

"सोळाशे."

"वर्गमूळ?"

निशिकांत जमिनीकडे बघत राहिला. शाळेच्या पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नखांचा आवाज येत होता.

"वर्गमूळ, मुळजे."

"चाळीस."

"मोठ्याने."

"चाळीस!" तो ओरडला. "चाळीस, सर, चाळीस! जवळजवळ थांबली नव्हती! चाळीसनं गेलो मी तिला घेऊन!"

त्याने दोन्ही तळहातांनी ते आकडे पुसले. फक्की मातीत मिसळली, त्याच्या बाह्यांना लागली. मग उठून त्याने भिंतीवर मूठ मारली. पुन्हा मारली. बोटांची सालं निघाली. सरांनी त्याला अडवलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं हे," तो धापा टाकत म्हणाला. "दवाखान्यात आलात तेव्हाच माहीत होतं."

"वेग माहीत नव्हता. आत्ता तू सांगितलास."

"मग हा खेळ कशाला केलात?"

"खेळ?" सर एकदम पुढे आले. त्यांचा आवाज खाली आला होता, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट होता. "चार महिने तू घरात सांगत फिरतोयस, धक्का लागला, धक्का लागला. आईला सांगितलंस. तिलाही सांगितलंस. त्या पोरीला वाटतंय, आपलंच हाड कच्चं होतं. मला विचारलं तिनं. सर, नुसत्या धक्क्यानं पाय जातो का हो? मी काय सांगणार होतो? मला वेग ठाऊक नव्हता."



निशिकांत हळूहळू भिंतीला टेकून खाली बसला. फक्कीने पांढरे झालेले हात त्याने गुडघ्यांवर उताणे ठेवले.



"तिनं मला एकदाच विचारलं होतं," तो शेवटी म्हणाला. "शुद्धीवर आली त्या दिवशी. दादा, किती वेगात होतो आपण? मी म्हटलं, तू बोलू नकोस, दमशील. पुन्हा तिनं विचारलं नाही."

"हं."

"मी उद्या पोलिसांकडे जाऊन खरा वेग लिहून देईन."

"दे."

"क्लास सोडेन."

"ते तुझं तू बघ."

"पण तिला..." त्याचा आवाज फाटला. "सर, चाळीसपर्यंत कमी झाला होता की नाही वेग? ब्रेक तर मीच दाबला ना? निम्मा वेग मीच कमी केला. तिला एवढं तरी सांगू शकतो ना मी?"

हुडगे सर त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी भिंतीवर हाताचा पंजा टेकवला. पलीकडे काहीतरी आहे आणि ते इकडून चाचपता येतंय, असा.

"थांबायला चाळीस पावलं लागत होती," ते म्हणाले. "तीस तू चाललास..."

निशिकांतने मान वर केली.

"उरलेली दहा कुणाच्या पायानं चाललास, ते आधी सांग."