शंभर सूर्यांचा विधाता

काळ मोजायला अजून कुणी बसलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट, मुलांनो. आणि मागे बसून डुलक्या घेणाऱ्या आजोबांनो, तुम्हीही ऐका.

ब्रह्मांडं तेव्हाही ढीगभर होती, अथांग पाण्यावर बुडबुडे असावेत तशी. प्रत्येकाचा विधाता वेगळा. पण रीत सगळ्यांची एकच. नवं ब्रह्मांड घडवून झालं, की शेजारच्या ब्रह्मांडातला एक श्वास वाटीत मागून आणायचा आणि आपल्यात सोडायचा. दुधाला विरजण लावतात ना, अगदी तसं. त्याशिवाय सृष्टी जिवंत होत नसे.

आपला विधाता तरुण होता, आणि हात तर काय विलक्षण! त्याने शंभर सूर्य केले. डोंगर केले आणि दोरी धरून एका रेषेत लावले. हत्ती केले, माणसं केली. शेवटी उरलेल्या चिमूटभर मातीची एक खार केली. तिच्या शेपटीचा केस न् केस त्याने वेगळा काढला. तिला तळहातावर घेऊन तो बघतच राहिला.

पण मागायला जायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येई. शेजारी एक म्हातारी विधात्री राहायची. तिच्याकडे सूर्य एकच, डोंगर वेडेवाकडे. "तिच्याकडून काय घ्यायचं? माझं ब्रह्मांड माझ्या एकट्याच्या हातचं असेल," असं तो सगळीकडे सांगून बसला होता. त्याने स्वतःच फुंकर मारून पाहिली. दहादा मारली, हजारदा मारली. कुणाची पापणी हलेना.

इकडे शंभर सूर्यांच्या उन्हात माती तडकू लागली. हत्तींना भेगा पडल्या. एकदा खारीच्या कानाचा टवका उडाला, तेव्हा मात्र त्याचा हट्ट सुटला. आणखी एक दिवस गेला असता तर सगळ्याचा भुगा झाला असता. त्याने वाटी उचलली आणि धावत सुटला.

"आलास का रे बाबा!" म्हातारी हसली. "मला वाटलं, शंभर सूर्यवाल्याला आमचं घर कुठलं दिसायला!"

"आजी, हवं तेवढं बोला," तो मान खाली घालून म्हणाला. "पण माझी खार फुटायला लागलीय हो."

म्हातारीचं हसू थांबलं. तिने त्याचा हात धरला आणि त्याला आत नेलं. आणि काय सांगू! त्या वाकड्या डोंगरांच्या कुशीत पाणी साठलं होतं, पाण्याकाठी झाडं होती आणि झाडांखाली सावली होती. सावली त्याने कधी पाहिलीच नव्हती. शंभर सूर्य चहूबाजूंनी तळपत असताना ती पडणार कुठे?

"आजी, हे केवढं सुंदर केलंत!" त्याचे डोळे भरून आले.

"मी कुठं केलं? सूर्य एकच जमला, बाकीचं आपोआप झालं."

झाडाखाली एक लंगडी शेळी नुकतंच जन्मलेलं करडू चाटत होती. म्हातारीने तिच्या तोंडापाशी वाटी धरली.

तो दचकला. "लंगडीचा नको, आजी! माझ्या सृष्टीत व्यंग येईल. एखाद्या राजाचा द्या."

"राजा आत्ता घोरत पडलाय. हिचा श्वास लेकरासाठी चाललाय. हवा तर घे, नाहीतर वाटी ठेव खाली."

त्याला तो तुटलेला कान आठवला. त्याने दोन्ही हातांनी वाटी घेतली.

"तुमच्याकडे हा कुठून आला, आजी?"

"पलीकडच्याकडून. त्याच्याकडे त्याच्या पलीकडच्याकडून. पहिला कुणाचा, कुणालाच ठाऊक नाही. दिल्याने माझा कमी झाला नाही, एवढं खरं."

घरी येऊन त्याने श्वास सोडला. हत्तीचा कान हलला. कुठेतरी मूल रडलं. आणि खारीने काय करावं? त्याच्या बोटाला कडकडून चावली, टुणकन उडी मारली आणि जराशी लंगडत पळाली! 'माझ्या एकट्याच्या हातचं' म्हणून मिरवणारा तो विधाता जमिनीवर बसून आनंदाने रडला.

त्याच दिवशी त्याने नव्याण्णव सूर्य विझवले. माणसं हात जोडून आली. "देवा, आम्हाला तूच केलंस ना?"

"आकार मी दिला रे," तो म्हणाला. "जीव शेजारणीकडचा, आणि तोही तिच्या एकटीचा नाही. हात जोडायचेच तर चहूदिशांना जोडा."

तात्पर्य: आपल्यातला जीव कुणाकडून तरी आलेला असतो, म्हणून मागताना लाजू नये आणि देताना हात आखडू नये.