ठकूच्या बकऱ्या

समोर कातळावर दिसतात त्या बकऱ्याच आहेत. पाय आखूड, खूर फाकलेले. ओहोटी लागली की खाली उतरून शेवाळ खातात, खाचेतलं मचूळ पाणी पितात. ही जात या बेटाबाहेर कुठे मिळायची नाही. खोतांच्या घरचे सांगतात, देवीच्या शापाने त्या खुज्या झाल्या. देवीला कशाला मध्ये ओढता? आमच्या कोळीवाड्यात सांगतात ते ऐका.

फार मागे दुष्काळ पडला होता. किनाऱ्यावरच्या खोताच्या बकऱ्या ठकू नावाची एक विधवा गवळण राखायची. विहीर आटत आली तसा खोताने हुकूम सोडला, कळप होडीत भरा आणि बेटावर टाकून या.

"मालक, तिथं प्यायला पाणी नाही," ठकू म्हणाली.

"म्हणूनच तिथं," खोत म्हणाला. त्या दिवशीसुद्धा त्याचा घोडा पोटभर पाणी प्यायला होता म्हणे.

ठकू कळपाबरोबरच होडीत चढली. बेटावर उंच बकऱ्या तहानेने कातळ उतरायला गेल्या आणि तिच्या डोळ्यांदेखत कोसळल्या. ज्यांचे पाय आखूड होते त्या खाली पोचल्या, ओलं शेवाळ चघळून तगल्या. त्यांना करडं झाली, त्यांतलीही चिवट तेवढीच राहिली. असं होत होत कळप वेगळाच झाला. ठकू त्यांच्या दुधावर आणि कालवांवर जगली, तिथेच म्हातारी झाली.

एवढ्या वर्षांनी खोताला कळपाची आठवण आली. गडी आणि दोर घेऊन तो बेटावर उतरला.

"बकऱ्या माझ्या आहेत."

"मरायला टाकल्यात तेव्हा तुमच्या होत्या," ठकू म्हणाली. "जगल्या त्या कशा तुमच्या?"

तिला बाजूला ढकलून त्याने निम्मा कळप बांधून नेला. किनाऱ्यावर त्यांच्यापुढे हिरवं गवत टाकलं. त्यांना ते सोसलं नाही. पोटं फुगली आणि समुद्राकडे तोंड करून एकेक आडवी झाली. खोत म्हणाला, उरलेल्या आणा. तेव्हा गड्यांनी दोर त्याच्या ओसरीवर टाकले आणि ते घरी गेले. पुढे ठकू गेली, तेव्हा त्याच गड्यांनी बेटावर जाऊन तिला माती दिली.

आजही आम्ही बेटावर दोर उतरवत नाही. गेल्या साली एक साहेब माझ्या होडीतून आले होते. म्हणाले, करडांची एक जोडी द्या, आमच्या बागेत ठेवू, चांगलं खायला घालू. बेट हाकेच्या अंतरावर आलं होतं. मी होडी वळवली आणि त्यांना बंदरावर सोडून आलो.