केरोबाने फक्त 'दिली' म्हणायचं होतं

एका गावात केरोबा नावाचा एक भोळा गुरव राहत होता. सांगितलेलं काम तो कधी चुकवत नसे. त्याचा सगळा त्रास तिथूनच सुरू होई.

त्याची भाची वैजयंता. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा केरोबानेच तिला वाढवलं. पोरगी शिकली, नोकरीसाठी फ्रान्स देशात गेली आणि तिथल्या एतिएन नावाच्या मुलाशी तिचं जमलं. मुलगा चांगला होता. अडचण त्याच्या आजीची होती. आजी एका जुन्या, दगडी खेड्यात राहायची. ती म्हणाली, "मुलीच्या घरचं माणूस माझ्या दारात येऊन 'मुलगी दिली' म्हणेल, तरच हे लग्न होईल."

घरचं माणूस म्हणजे केरोबा. तो विमानात बसला आणि गेला.

गावाच्या वेशीतच वैजयंताने त्याला समजावलं. "मामा, आजी विचारतील, मुलगी दिली का? तुम्ही फक्त 'दिली' म्हणायचं."

"दिली," केरोबा म्हणाला.

"आत्ता नाही. त्यांनी विचारल्यावर."

आजी दारात उभी होती. तिने केरोबाच्या गालाला गाल लावायला तोंड पुढे केलं. केरोबा घाबरून मागे सरला आणि फुलांच्या कुंडीत बसला.

"मामा, इथे नवीन माणूस भेटलं की दोन्ही गालांना गाल लावतात. मागे सरायचं नाही."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती त्याला गाव दाखवायला घेऊन गेली. चौकात एका सरदाराचा दगडी पुतळा होता. केरोबाला तो नवीनच भेटत होता. तो चौथऱ्यावर चढला, सरदाराच्या मानेला मिठी घातली आणि एक गाल लावला. दुसरा लावायला गेला तर सरदाराचं नाक हातात आलं.

चौकात बसलेल्या म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. नाकासाठी काढल्या की केरोबासाठी, ते कळलं नाही.

"मामा, तो शेकडो वर्षांचा आहे हो. इथे जुन्या वस्तूला हात लावायचा नसतो. हात मागे बांधायचे, लांबून बघायचं आणि म्हणायचं, किती जुनं, किती सुंदर."

"आधी सांगायचंस ना, पोरी."

केरोबाने ते शब्द त्यांच्या भाषेत घोकून घेतले. घरी परतले तर आजी पायऱ्या उतरत होती. तिचा पाय घसरला. ती केरोबाच्या समोरच पायरीवर बसली आणि आधारासाठी तिने हात पुढे केला. केरोबाने आपले हात मागे बांधले. तो दोन पावलं मागे गेला, तिला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि म्हणाला, "किती जुनं, किती सुंदर."

एतिएनने तिला उठवलं.

"मामा, खाली पडलेल्या माणसाला धरून उभं करतात. एवढंही कळत नाही?"

"कळलं."

रविवारी सगळे चर्चमध्ये गेले. प्रार्थनेत एक वेळ अशी आली की सगळं गाव गुडघ्यांवर बसलं. केरोबाचा जीव कळवळला. एवढी माणसं एकदम पडलेली त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने पुढच्या म्हाताऱ्याला काखेत हात घालून उभं केलं. दुसऱ्याला उभं करेपर्यंत पहिला परत खाली गेला. केरोबाने त्याला दम दिला, "उभा राहा की नीट." मग तो पाद्र्याकडे वळला.

वैजयंताने त्याला सदरा धरून बाहेर ओढलं. "मामा, तुम्ही गुरव ना? मग आपल्या देवळात रोज जे करता तेवढंच करा. वेगळं काही नको."

हे ऐकून केरोबाला फार बरं वाटलं. ते काम त्याला येत होतं.

प्रार्थना संपली, लोक जेवायला गेले. आजी मात्र आत थांबली. लग्नाचं देवाला विचारून मग सांगते, असं ती म्हणाली होती. दुपार झाली. गावी या वेळी देव झोपतो. केरोबाने दारातून हळूच हाक दिली, "चला, देव झोपतोय." मराठीत दिली. आतून कोणी आलं नाही. त्याने दार ओढलं, कुलपातच असलेली वीतभर लांबीची किल्ली फिरवली, ती कमरेच्या करदोट्याला बांधली आणि पायरीवर बसला.

थोड्या वेळाने आतून ठोकल्याचा आवाज आला. गाव जमलं. पाद्री आला.

"मामा, किल्ली द्या. आजी आत आहेत."

"हळू बोल, पोरी. देव उठेल. चारला उघडतो मी रोज."

चारला त्याने दार उघडलं. वैजयंता रडकुंडीला आली होती. "मामा, आता गाडीत बसेपर्यंत तोंड उघडू नका. कोणी काही विचारू दे. मी पाया पडले तरी एक शब्द बोलायचा नाही."

केरोबाने मान हलवली.

आजी डोळे चोळत बाहेर आली. दार का बंद होतं ते वैजयंताने तिला सांगितलं. बाकावर तिला छान झोप लागली होती. ती एतिएनला म्हणाली, "आपण त्या देवाला सारखं काही ना काही मागत बसतो. त्याला झोप लागते का, हे विचारणारा हा पहिलाच माणूस. आणि मला सुंदर म्हणणाराही. तुझे आजोबा गेल्यापासून कोणी म्हटलं नव्हतं."

मग तिने केस सारखे केले आणि सगळ्या गावासमोर केरोबाला विचारलं, "मुलगी दिली का?"

केरोबा गप्प.

एतिएनने वैजयंताकडून शिकलेल्या मराठीत विचारलं, "मामा, दिली?"

केरोबा गप्प. आजीचा चेहरा उतरत गेला. तिने पुन्हा विचारलं. मग शाल अंगाभोवती घट्ट ओढली, समोरच्या आपल्या घरात गेली आणि आतून कडी लावली.

"मामा," वैजयंताने खरंच त्याचे पाय धरले, "मी पाया पडते तुमच्या. दिली म्हणा."

केरोबाने मायेने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एकदा तरी सांगितलेलं सगळं बरोबर जमलं, म्हणून त्याचे डोळे भरून आले होते. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने गाडीकडे खूण केली.