निद्रामंजिरी आणि कोरडी माया

एका राज्यात, जिथे हिवाळ्यात सावल्यासुद्धा गोठून भिंतींना चिकटून बसत, धृतिमान नावाचा राजा होता. एकदा त्याच्या दारी एक मांत्रिक आला. राजा नाचगाण्यात दंग होता. त्याने मांत्रिकाला उजाडेपर्यंत देवडीवर तिष्ठत ठेवले. मांत्रिक म्हणाला, "राजा, तू मला जागवलेस. आता तूही जाग." त्याच क्षणी राजाची झोप उडाली. ती खरोखरच उडाली. पांढऱ्या पाखराच्या रूपाने गवाक्षातून बाहेर पडताना ती सर्वांनी पाहिली.

राजकन्या चारुशीला मांत्रिकाच्या पाया पडली, तेव्हा त्याने उःशाप दिला. झोळीतून तीन रोपे काढून तो म्हणाला, "ही निद्रामंजिरी. दूरदेशीचे लोक हिला लॅव्हेंडर म्हणतात. दर हिवाळ्याला एक रोप लावा. ते हिवाळा ओलांडून फुलले, की त्याच्या गंधाने झोप परत येईल. मात्र ध्यानात ठेवा, ही मेलीच, तर थंडीने मरणार नाही. तुमच्या ओलाव्याने मरेल."

त्या राज्याची एक रीत होती. कोणी रोप लावले, की भेटीला येणाऱ्याने झारीभर पाणी आणायचे. रिकाम्या हाताने रोपाजवळ जाणे अशुभ मानले जाई. पहिल्या हिवाळ्यात सारे नगर झाऱ्या घेऊन लोटले. पहिले रोप संगमरवरी कुंडात लाडाकोडात कुजले.

मग पंडितांची सभा भरली. ओलावा म्हणजे माया, असा निर्णय झाला. म्हणून दुसऱ्या रोपावर राज्यातले सर्वांत खाष्ट पहारेकरी नेमण्यात आले. ते रोपाला रोज शिव्या घालीत आणि रीत मोडू नये म्हणून रोज पाणीही घालीत. दुसरे रोपही गेले.

आता एकच उरले होते. राजवैद्याने राजकन्येला बाजूला घेऊन सांगितले, "हाही हिवाळा जागरणात गेला, तर महाराजांना पुढचा दिसणार नाही."

चारुशीला कुंडाच्या काठावर, रोपाकडे पाठ करून बसली होती. शेजारी एक साळुंकी येऊन टेकली.

"काय गं राजकन्ये, माया लागू नये म्हणून तोंड फिरवलेस?"

"साळुंके, थट्टा पुरे. शाप अवघड आहे."

"शाप सोपा आहे, अवघड तुम्ही आहात. राजाची झोप उडाली, तेव्हा तिने काय केले?"

"ती उडाली."

"मग ओलावा म्हणजे काय?"

राजकन्येने कुंडातल्या मातीत बोट घातले. ते चिखलाने बरबटून वर आले. त्या बोटाकडे तिने पाहिले. मग हळूच म्हणाली, "आम्ही शब्दाचा दूरचा अर्थ शोधत राहिलो. जवळचा तर हाताला लागत होता."

"लागला एकदाचा! आता ऐक. हिचे पाय कोरडे ठेव. श्वास मोकळा ठेव. तिसरे, हात आखडता ठेव. आणि तेच तुला जड जाईल."

राज्याच्या सीमेवर एक नदी होती. तिच्यातून पाण्याऐवजी खडे वाहत. राजकन्येने हात जोडून तिच्याकडे थोडे खडे मागितले. नदी म्हणाली, "माझ्यापाशी पाणी नाही, म्हणून मला भेटायला कोणी येत नाही. तू आलीस. हवे तेवढे ने." दिवसभर उन्हाने तापणाऱ्या दक्षिणेकडच्या भिंतीपाशी राजकन्येने खडे आणि वाळू यांचा उंचवटा रचला आणि रोप त्यावर लावले. पडलेला थेंब मुळांशी न थांबता खाली निघून जाई.

पुढे बोचरे वारे सुटले. नगरजन दुलया आणि ओल्या पेंढ्याचे भारे घेऊन आले. राजकन्येने ते परत पाठवले व ती डोंगरावरच्या वृद्ध देवदाराकडे गेली. देवदाराने विचारले, "झाकायचे, की गाडायचे?" ती म्हणाली, "झाकायचे. आत वारा खेळला पाहिजे." देवदाराने आपल्या गळलेल्या फांद्या दिल्या. तिने त्या रोपाभोवती तिरक्या उभ्या केल्या. बर्फ वर राहिला, श्वास आत.

नगरात कुजबुज सुरू झाली. "पोटच्या पोरीला बापाची दया नाही हो! रोपाला घोटभर पाणी देत नाही."

हिवाळा सरत आला, तेव्हा निद्रामंजिरी राखेच्या रंगाची झाली होती, नुसत्या काड्या. भर दुपारी राजा स्वतः तिथे आला. त्याच्या एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात कात्री.

"चारू, वाळलेले बुंध्यापासून काप आणि एकदाच पाणी घाल. मी फार थकलो गं."

राजकन्येने झारी घेतली. साळुंकीने थट्टा केली असेल तर? आपल्या हट्टापायी वडील गेले तर? तिने काडीकडे पाहिले. मग तिने झारी दूर अंगणात नेऊन ओतली आणि कात्री कमरेला खोवली.

"बाबामहाराज, ही मेली असेल, तर दोष माझा. पण जगली असेल, तर तिला आपल्या मायेने मारू नका."

"मग मी हिच्यासाठी करू तरी काय? रिकाम्या हाताने कसा बसू?"

"तसेच बसा. रिकाम्या हाताने."

राजा बसला. त्याचे डोळे भरून आले. आसवे खड्यांवर पडण्याआधीच राजकन्येने ती पदराने टिपली.

बर्फ वितळला. एके सकाळी त्या राखाडी काड्यांच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढे हिरवे कोंब दिसले. तेव्हा कुठे राजकन्येने कात्री काढली आणि हिरव्याला धक्का न लावता वरचे तेवढेच छाटले.

जांभळे तुरे डोलू लागले, त्या दिवशी एक पांढरे पाखरू दमून-भागून आले. ते तुऱ्यावर टेकले, मग सिंहासनाकडे गेले. राजा म्हणत होता, "प्रधानजी, यापुढे देवडीवर कोणालाही तिष्ठत..." आणि त्याचा डोळा लागला. वाक्यातले क्रियापद उच्चारायचे राहूनच गेले.

प्रधानजी पुढे झुकले. साळुंकी कुजबुजली, "अहो, थांबा! अर्थ कळला ना?"

प्रधानजींना तो कळला होता. देवडीची दारे त्याच दिवशी उघडण्यात आली.

ही कहाणी इथे निजली. ऐकणाऱ्यांनी आता आपापल्या रोपांच्या भेटीला जावे. मात्र रिकाम्या हाताने.